‘ब्लाइमी’ आणि एक विलायती गैरसमज

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शब्दांच्या जन्मकथा सांगणाऱ्या आपल्या सदरात गेल्या रविवारी ‘ब्लिमी’ या इंग्रजी उद्गारावर एक टिपण आले आहे. टिपण छोटे आहे, खुसखुशीत आहे, आणि त्यातली तिन्ही मुख्य विधाने चुकीची आहेत. हा शब्द ‘ब्लिमी’ असा उच्चारला जातो, तो ‘वा, झकास’ या अर्थाची शाबासकी आहे, आणि हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या सोजिरांनी आपला ‘बिलायती’ हा शब्द उचलून त्याचा हा उद्गार केला, अशी ती विधाने आहेत. एरवी मी हे वाचून पान उलटले असते. परंतु बुधवारपर्यंत तेच टिपण मला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ठिकाणांहून आले, आणि पाठवणाऱ्यांपैकी एक शिक्षिका असून त्यांनी ते सोमवारी शाळेच्या परिपाठात दिनविशेषानंतर वाचूनही दाखवले होते असे कळले, तेव्हा गप्प बसवेना.

माझा या विषयाशी संबंध एवढाच, की मी तीस-एक वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले आणि त्यातली शेवटची बरीच वर्षे इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या बालकुमार कादंबऱ्यांची प्रुफे तपासण्यात गेली. अशा कादंबऱ्यांतल्या ब्रिटिश मुलांना दर चौथ्या पानावर आश्चर्य वाटते आणि वाटले की ती ‘ब्लाइमी’ म्हणतात. त्यामुळे भाषांतरकाराने या उद्गाराचे काय करावे, या प्रश्नाशी माझी गाठ नको तितक्या वेळा पडली आहे.

आधी स्पेलिंग, कारण पहिली चूक तिथेच होते. बी, एल, आय, एम, ई, वाय अशी सहा अक्षरे; जुन्या छापील मजकुरात कधी कधी ‘ई’ गाळलेला दिसतो. ‘लिमिट’ आणि ‘लिमरिक’ डोळ्यांत बसलेल्या आपल्या वाचकाला त्यातला ‘आय’ ऱ्हस्व वाटतो आणि तो ‘ब्लिमी’ म्हणून मोकळा होतो. प्रत्यक्षात हा ‘आय’ म्हणजे ‘टाइम’ आणि ‘लाइन’ यांतला. उच्चाराचा जोर पहिल्या अक्षरावर असतो. बोलणारा तिथे रेंगाळतो आणि ‘मी’ जाता जाता टाकून देतो. देवनागरीत ‘ब्लाइमी’ किंवा ‘ब्लायमी’ यांपैकी काहीही लिहावे, माझी तक्रार नाही. शेवटचा इकार दीर्घच येणार, तो तर आपल्या शुद्धलेखनाचा नियमच आहे.

या उद्गाराचे लांब रूपही आहे आणि तिथे देवनागरी लिहिणाऱ्यांची आणखी फसगत होते. इंग्रजीत ते ‘गॉरब्लाइमी’ किंवा ‘कॉर ब्लाइमी’ वाचावे अशा अक्षरांत लिहितात, म्हणजे मध्ये एक ‘आर’ असतो. मुलीकडे लंडनच्या हॅरो भागात चार महिने राहिले असताना घरातला बॉयलर बंद पडला आणि तो पाहायला पासष्टीच्या आसपासचे एक गृहस्थ आले. जन्म बेथनल ग्रीनचा, असे त्यांनी चहा घेताना सांगितले. त्यांनी बॉयलरचे झाकण काढले, विजेरी आत मारली, आणि आधीच्या कोणा कारागिराने चिकटपट्टीने बांधून ठेवलेली नळी पाहून ते म्हणाले, ‘कॉऽ, ब्लॉय्मी!’ मी कान टवकारूनच उभी होते. त्यात ‘र’ नव्हता. ‘ब्लाय’ही सरळ नव्हता, ‘ब्लॉय’कडे झुकलेला होता, आणि ती पूर्व लंडनची खूण आहे. शब्दाच्या शेवटी किंवा व्यंजनाच्या आधी आलेला ‘र’ लंडनचा माणूस उच्चारतच नाही. त्यामुळे तिथला लेखक ‘कॉर’ लिहितो तेव्हा तो ‘र’ आधीचा स्वर लांबवण्याची खूण म्हणून असतो, आपण गाण्याच्या ओळीत अवग्रह घालतो तसा. आपण मात्र तो इमानेइतबारे ‘र’ म्हणून छापतो. ब्रिटिश कादंबरीतले पात्र अडखळते तेव्हा लेखक ‘ई’ आणि ‘आर’ ही अक्षरे लिहितो, त्याचा उच्चार नुसता लांबलेला ‘अ’ असतो, आणि मराठी भाषांतरात ते पात्र ‘अर्र... अर्र...’ करत बसते. मी स्वतः अशी कित्येक ‘अर्र’ खोडली आहेत. हे थोडे विषयांतर झाले, पण दोन्ही चुका एकाच ‘र’मुळे होतात.

अर्थाबद्दल फार लिहायला नको. ‘ब्लाइमी’ हा आश्चर्याचा, धक्क्याचा, कधी वैतागाचा उद्गार आहे. हॉटेलचे बिल पाहून, वीस वर्षांनी भेटलेल्या मित्राचे टक्कल पाहून, रिकाम्या फलाटावरून निघून गेलेल्या गाडीकडे पाहून माणूस ‘ब्लाइमी’ म्हणतो. एखाद्याची कामगिरी थक्क करणारी असली तर तिथेही म्हणतो, पण ते थक्क होण्यासाठी, शाबासकी देण्यासाठी नव्हे. शब्द बोलीतला आहे, मूळचा लंडनच्या कष्टकरी वस्तीतला आहे, आता थोडा जुनाटही वाटतो. तरुण मंडळी तो बहुधा गंमत म्हणून वापरतात. अमेरिकेत तो जवळजवळ ऐकू येत नाही, आणि अमेरिकी लेखकाने तो एखाद्या पात्राच्या तोंडी घातला की ते पात्र इंग्रज आहे असे खुशाल समजावे.

आता व्युत्पत्ती. ‘ब्लाइमी’ म्हणजे ‘ब्लाइंड मी’, आणि ‘गॉब्लाइमी’ म्हणजे ‘गॉड ब्लाइंड मी’: देवा, माझे डोळे जावोत. एवढ्या भयंकर वाक्याचे असे गोजिरवाणे पिल्लू कसे झाले, असे वाटेल. पण त्यात ध्वनिदृष्ट्या अवघड काहीच नाही. ‘ब्लाइंड’मधला ‘ड’ हा ‘न’ आणि ‘म’ यांच्या मध्ये सापडतो आणि घाईच्या बोलण्यात गळतो. मग उरलेला ‘न’ पुढच्या ‘म’मध्ये मिसळतो. ‘ग्रँडमा’ या शब्दाचे हेच होते. छापताना ‘ड’ असतो, पण आजीला हाक मारणारे मूल ‘ग्रॅम्मा’ म्हणते. संस्कृत शिकलेल्यांना ‘जगत्’ आणि ‘माता’ यांची ‘जगन्माता’ होताना ‘म’च्या शेजाराने काय होते ते ठाऊकच आहे. तिथे त्याला संधी म्हणतात आणि सूत्र सांगतात. लंडनच्या मासळीबाजारात तेच घडले तर त्याला अशुद्ध बोलणे म्हणतात.

छापील नोंदींत हा शब्द उशिरा येतो. अल्बर्ट बारेर आणि चार्ल्स लेलँड यांच्या १८८९ सालच्या बोलभाषेच्या कोशात तो आहे, आणि तिथे त्याचा अर्थ ‘वरकरणी निरर्थक वाटणारा शिवीवजा शब्द’ अशा आशयाचा दिला आहे. ही नोंद मला फार आवडते, कारण कोश करायला बसलेल्या दोन विद्वानांनाही आतली शपथ तेव्हाच दिसेनाशी झाली होती. ‘गॉब्लाइमी’ हे लांब रूप छापात त्यानंतर, १८९६च्या सुमारास सापडते. लांब रूप आधी आणि आखूड रूप नंतर, हा क्रम तर्काला धरून असताना छापात तो उलटा कसा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर मुद्रकांच्या स्वभावात शोधावे. रस्त्यावर एखादा शब्द केव्हा जन्मला हे छापखान्याला ठाऊक नसते. तो कागदावर यायला कोणाची हरकत नाही, एवढेच त्याला ठाऊक असते, आणि देवाचे नाव असलेल्या शिवीला हरकत जास्त.

प्रामाणिकपणे एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. ‘ब्लाइंड मी’ला एक प्रतिस्पर्धी आहे, तो म्हणजे ‘ब्लेम मी’, मला दोष लागो. काही कोशांनी दोन्ही शक्यता नोंदवल्या आहेत, आणि ही दुसरी शक्यता हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पूर्व लंडनच्या बोलीत ‘ए’चा ‘आय’ होतो, ‘रेन’ला ‘राइन’ म्हणतात, आणि त्या न्यायाने ‘ब्लेम मी’ ऐकणाऱ्याच्या कानाला ‘ब्लाइमी’च लागेल. तरीही माझे मत ‘ब्लाइंड’कडे झुकते, कारण लांब रूपात देव उभा आहे. देवाने मला आंधळे करावे, ही शपथ म्हणून शोभते. खलाशांच्या तोंडी ‘माझ्या डोळ्यांना शाप लागो’ अशा धर्तीच्या शिव्या पूर्वापार होत्या, त्यामुळे डोळे पणाला लावण्याचा साचा तयारच होता. देवाने मला दोष द्यावा, या शपथेला कोण भिणार? सदरलेखकाने ‘ब्लेम मी’ लिहिले असते तर मी हे पत्र लिहिले नसते.

त्यांनी लिहिले ‘बिलायती’. ही चूक कशी झाली असावी तेही मला दिसते, आणि तिच्यात अर्धे सत्य आहे म्हणूनच ती धोक्याची आहे. ‘विलायत’ हा मुळात अरबी शब्द, राज्य किंवा प्रांत या अर्थाचा. फारसी-उर्दूतून तो आपल्याकडे आला आणि ‘परदेश’ व पुढे ‘इंग्लंड’ असा अर्थ घेऊन बसला. विलायतेला जाणे, विलायती कापड, विलायती चिंच हे आपण आजही म्हणतो. हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांनी त्याच ‘बिलायती’वरून ‘ब्लाइटी’ हा शब्द घडवला आणि तो मायदेशासाठी वापरला. पहिल्या महायुद्धात हा शब्द खंदकाखंदकांत पोचला. जीव जाणार नाही पण लढताही येणार नाही, अशी जखम झाली की सैनिकाला घरी पाठवत, आणि त्या जखमेलाच ‘ब्लाइटी’ म्हणत. ती मिळालेल्याचा सोबत्यांना हेवा वाटे. म्हणजे ‘बिलायती’ इंग्रजीत गेला हे खरे, सोजिरांनी नेला हेही खरे. परंतु तो ‘ब्लाइटी’ झाला, ‘ब्लाइमी’ झाला नाही. एक देशाचे नाव आहे, दुसरा उद्गार आहे. एकात ‘त’चा ‘ट’ झालेला दिसतो, दुसऱ्यात ‘त’चा ‘म’ कशाने झाला ते कोणालाही सांगता येणार नाही. शिवाय ‘ब्लाइटी’ लोकांच्या तोंडी रुळला तो पहिल्या महायुद्धात, आणि तोवर ‘ब्लाइमी’ कोशात जाऊन पंचवीस वर्षे झाली होती. दोन शब्दांची पहिली तीन-चार अक्षरे जुळली की त्यांना भाऊ ठरवायचे, ही व्युत्पत्ती नव्हे, जत्रेत हरवलेल्या मुलांची गोष्ट झाली.

अशीच एक जुनी हौस ‘डॅम’ या शिवीबद्दल आहे. इंग्रज माणूस ‘मला एका डॅमचीही पर्वा नाही’ म्हणतो तेव्हा तो अकबराच्या काळातल्या तांब्याच्या दामाबद्दल बोलतो, असे आपल्याकडे पुष्कळ जण सांगतात. रुपयाला चाळीस दाम पडत, आणि आपली ‘दमडी’ही त्याच घराण्यातली, त्यामुळे ‘दमडीची पर्वा नाही’ हे आपले वाक्य हाताशी असतेच. कल्पना इतकी सुबक आहे की ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने तिची दखल घेतली, पण कल्पक असली तरी तिला आधार नाही, असे म्हणून ती बाजूला ठेवली. ‘डॅम’ हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला, दोषी ठरवणे आणि नरकात धाडणे या अर्थाचा शब्द आहे. गंमत अशी, की इंग्रजांनी हिंदुस्थानातला एक खराखुरा उद्गार उचलला आहे आणि त्याची आठवण कोणालाच होत नाही. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन! या हुसेन!’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ असा ऐकला, आणि हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली काढलेल्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाला तेच नाव दिले. सदरलेखकांना सोजिरांच्या कानांविषयी लिहायचेच असेल, तर हा विषय अजून मोकळा आहे.

आता ज्याच्यामुळे हा उद्गार असा बिघडला, त्या गोष्टीकडे येते. ‘गॉड’चा ‘गॉ’ का झाला, ‘कॉ’ का झाला, आणि शेवटी देव पूर्णच का गळून पडला? नुसता आळस म्हणून ध्वनी झिजले असते, तर ते इतक्या वेगवेगळ्या शब्दांत नेमके देवाच्या नावापाशीच झिजले नसते. ख्रिस्ती धर्माच्या दहा आज्ञांपैकी एक आज्ञा देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये अशी आहे. ती मोडायची तर आहे, पण मोडल्याचे पाप नको आणि दंडही नको, म्हणून बोलणारा ऐन वेळी जीभ वळवतो. ‘गॉश’ आणि ‘गॉली’ ही अठराव्या शतकात छापात दिसणारी रूपे ‘गॉड’चीच आहेत. ‘क्राइकी’ हा ‘क्राइस्ट’ आहे, अमेरिकेतला ‘जी’ हा ‘जीझस’ आहे, ऑस्ट्रेलियात अजून ऐकू येणारा ‘स्ट्रूथ’ म्हणजे ‘देवाचे सत्य’, आणि जुन्या नाटकांतला ‘झाउंड्स’ म्हणजे ‘देवाच्या जखमा’. अशा उद्गारांतून देव पळवला गेला, तसाच निरोपातही त्याचा चेहरा पुसला गेला: ‘गुडबाय’ हे ‘देव तुमच्याबरोबर असो’ या वाक्याचे उरलेले बोचके आहे. तिथे मात्र भीतीचे काही कारण नव्हते; ‘गुड डे’ वगैरेंच्या संगतीने ‘गॉड’चा ‘गुड’ झाला.

दंड हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. १६०६ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नाटकवाल्यांसाठी कायदा केला आणि रंगभूमीवर देवाचे, ख्रिस्ताचे किंवा पवित्र आत्म्याचे नाव थट्टेने अथवा अनादराने घेतल्यास दर वेळी दहा पौंड दंड ठेवला. मुद्रितशोधकाला याचा पुरावा छापील पानावरच पाहायला मिळतो. शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ १६२२ साली सुटे छापले गेले, तेव्हा पहिल्याच प्रवेशात इयागो तोंड उघडतो तो ‘देवाच्या रक्ताची शपथ’ या अर्थाच्या आखडलेल्या उद्गाराने. एका वर्षाने, १६२३ साली, शेक्सपिअरच्या नाटकांचा मोठा संग्रह निघाला, त्यात वाक्य तेच आहे आणि उद्गार गायब आहे. कोणीतरी आमच्यासारखाच बसून तो काढला. पुढे १७४५च्या कायद्याने सर्वसामान्य माणसाच्या तोंडालाही दरपत्रक लावले: मजूर, साधा शिपाई आणि खलाशी यांना एका शपथेला एक शिलिंग, सद्‌गृहस्थाच्या खालच्या दर्जाच्या इतरांना दोन, आणि सद्‌गृहस्थाला व त्याच्या वरच्यांना पाच, दुसऱ्या खेपेला दुप्पट, तिसऱ्याला तिप्पट. हा कायदा रद्द झाला तो १९६७ साली. बीबीसीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस विनोदी कार्यक्रमांच्या लेखकांसाठी नियमपुस्तिका काढली, तिच्यात संहितेतून काढून टाकायच्या शब्दांची यादी आहे, आणि त्या यादीत ‘गॉड’, ‘हेल’, ‘डॅम’ यांच्या पंक्तीला ‘गॉब्लाइमी’ नावानिशी बसलेला आहे. म्हणजे देवाचा ‘ड’ गेला तरी तो तिथे आहे, हे निदान बीबीसीच्या साहेबांना ऐकू येत होते.

मराठी वाचकाला हे सगळे थोडे परके वाटेल, कारण देवाचे नाव घेणे हा आपल्याकडे गुन्हाच नाही. ‘अरे देवा’, ‘रामा शिवा गोविंदा’, ‘शिव शिव शिव’ म्हणताना आपल्या मनाला काही टोचत नाही. उलट, चुकून का होईना, नामस्मरण घडले म्हणून चार आण्यांचे पुण्य जमा. गोव्यात कोणी चकित झाले की ‘सायबा भोगोस’ म्हणतात, म्हणजे ‘देवा, क्षमा कर’. तिथेही देव उघडच उभा आहे. स्वतःवर शाप ओढवून घेणारी शपथ आपल्याला नवी नाही. बेलभंडार उचलून केलेली आण मोडणाऱ्याचे वाटोळे होते, ही समजूत आपल्याकडे पक्की होती, आणि ‘खोटे बोलत असेन तर जीभ झडेल’, ‘डोळे जातील’ ही वाक्ये माझ्या आजीच्या पिढीत रोजची होती. पण आपण ती वाक्ये झिजवली नाहीत. आम्ही मुली ‘आईशप्पथ’ म्हणायचो ते पूर्ण, आणि ऐकणारी लगेच ‘सुटली म्हण, सुटली म्हण’ म्हणून मागे लागायची, कारण शपथ सुटली नाही तर आईला बाधेल अशी खरोखरीची भीती होती.

आपली जीभ वळते ती दुसरीकडे. ज्याचे पूर्ण वाक्य चारचौघांत बोलवत नाही, छापवत तर नाहीच, ते आपल्याकडे आईवरून असते. ‘तिच्या आईला’ या अर्धवट वाक्याचे, ज्याचे क्रियापद सभ्यपणे गिळलेले आहे, ‘तिच्यायला’ होते, मग पुढचा ‘ति’ गळून ‘च्यायला’, त्याचे आणखी टोक मोडून ‘आयला’. ‘च्यामायला’ आणि ‘च्यामारी’ ही त्याच गोतावळ्यातली. ‘अरेच्चा’तला ‘च्चा’ही तिथूनच आला असावा असा मला जुना संशय आहे, पण तो संशयच, आणि मघाशी जत्रेतल्या भावंडांबद्दल एवढे बोलल्यावर मी तो रेटणार नाही. मालवणी माणूस मात्र ‘आवशीचो घो’ असे सगळेच्या सगळे म्हणतो आणि त्यात त्याला राग असतोच असे नाही; त्याचा न्याय वेगळा. बाकी आपण जे ‘आईला’ या शब्दाचे केले, तेच लंडनकरांनी ‘गॉड ब्लाइंड मी’चे केले: पुढचा तुकडा, जो सगळ्यात जड होता, तो टाकला, सांध्यावरचे व्यंजन गाळले, आणि जे उरले ते इतके निरुपद्रवी वाटू लागले की शाळकरी मुले ते बिनदिक्कत वापरतात. सचिन तेंडुलकरचा ‘आयला’ सगळ्या देशाने कौतुकाने ऐकला, त्यात कोणाला शिवी दिसली नाही. बारेर आणि लेलँड यांनाही ‘ब्लाइमी’त शपथ दिसली नव्हती, ती अशीच.

म्हणून ‘ब्लाइमी’ला मराठीत काय म्हणावे, या प्रश्नाला माझे उत्तर ‘आयला’ असे आहे, आणि ते मी एकदा कागदावर देऊनही पाहिले आहे. एका ब्रिटिश कादंबरीचे भाषांतर तपासायला आले होते. भाषांतरकाराने पहिल्या खर्ड्यात सगळीकडे ‘ब्लिमी’ ठेवला होता आणि एके ठिकाणी कोश पाहून, प्रामाणिकपणाने, ‘देव मला आंधळे करो! केवढा मोठा केक!’ असे वाक्य लिहिले होते. मी समासात ‘व्युत्पत्ती बरोबर, वाक्य चूक’ असा शेरा लिहिला आणि त्या बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडी ‘आयला, केवढा केक!’ असे सुचवले. भाषांतरकाराला ते पटले. प्रकाशन संस्थेच्या कार्यालयातून मात्र प्रुफे परत आली तेव्हा सतरा ‘आयलां’वर लाल रेघ होती आणि वर ‘बापरे’ लिहिले होते, कारण पुस्तक शाळांच्या वाचनालयांत जायचे होते. ‘बापरे’ वाईट नाही. ‘बापरे’त भीती जास्त आहे आणि खोडी कमी, एवढाच फरक, आणि तो मुलगा भित्रा नव्हता. दुसऱ्या प्रुफात मी सतरांपैकी तीन ‘अरेच्चा’ करून घेतले, तेवढ्यावर तडजोड झाली.

तेव्हा विनंती अशी. येत्या रविवारी त्याच सदराच्या तळाशी दोन ओळींची दुरुस्ती द्यावी: उच्चार ‘ब्लाइमी’, अर्थ आश्चर्याचा किंवा धक्क्याचा उद्गार, मूळ बहुधा ‘गॉड ब्लाइंड मी’ ही शपथ, आणि ‘बिलायती’वरून आलेला शब्द तो ‘ब्लाइटी’. त्या शिक्षिकाबाईंना मी हे पाठवीनच. त्या ते परिपाठात वाचतील अशी आशा आहे, जरी ‘च्यायला’चा परिच्छेद त्यांना गाळावा लागेल. आपल्यालाही तो छापताना संकोच वाटला तर त्यावर खुशाल फुल्या माराव्यात, मी रागावणार नाही. मात्र एक प्रूफ नीट पाहावे, आणि ‘ब्लाइमी’तला ‘ब्ला’ पुन्हा ‘ब्लि’ होऊ देऊ नये.

आपली नित्य वाचक,
एक निवृत्त मुद्रितशोधक, सांगली